जांभळाने वजन उतरते काय?

जून उजाडला की इगतपुरी स्टेशनाबाहेर आणि घाटाच्या रस्त्याकडेला जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. त्याआधी महिनाभर ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाळी देत करवंदे विकली जातात. ती सरता सरता जांभूळ येते. पाड्यांवरच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी भगिनी भल्या पहाटे झाडाखाली जातात, फळ वेचून पाटी डोक्यावर घेतात आणि गावात येऊन पानाच्या द्रोणात वाटे लावून बसतात. रेल्वेच्या पाळीवरून परतणारा कामगार घरी पोरांसाठी एक द्रोण घेतो. पोरे जिभा जांभळ्या करून एकमेकांना दाखवतात. जांभळाचे सुख एवढेच होते आणि ते पुरेसे होते.

अलीकडे या द्रोणाबरोबर एक सल्लाही घरी येऊ लागला आहे. ‘रोज सकाळी अनशापोटी जांभूळ खा, पोटाची चरबी झडते.’ ‘बियांची भुकटी कोमट पाण्यातून घ्या, महिन्यात वजन उतरते.’ कोणी मोबाईलवर पाहिलेले असते, कोणी शेजारणीकडून ऐकलेले. मग हंगाम संपला तरी भुकटीचा डबा घरात येतो. तो द्रोणाच्या कितीतरी पट महाग असतो. धुणीभांडी करून, विड्या वळून, कारखान्यात पाळी करून मिळवलेल्या पैशातून तो आलेला असतो. म्हणून या सल्ल्यात खरे किती आणि खोटे किती, हे आज नीट पाहू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जांभूळ चांगले फळ आहे. ते खाऊ नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे, इतके ते नावाजलेले आहे. प्रश्न एवढाच आहे, की जांभूळ अंगातली चरबी वितळवते काय?

वजनाचा हिशेब

आपण खातो त्या अन्नातून शरीराला ऊर्जा मिळते. ती उष्मांकात म्हणजे कॅलरीत मोजतात. दिवसभरात जेवढे उष्मांक खर्च होतात त्याहून जास्त पोटात गेले, तर उरलेले चरबी म्हणून साठतात. कमी गेले, तर साठवलेली चरबी खर्ची पडते. एक किलो चरबीत सुमारे साडेसात हजार उष्मांक असतात. घरखर्चाच्या वहीसारखाच हा जमाखर्च आहे. जमेच्या बाजूला कोणतीही वस्तू लिहिली, तरी तिच्यामुळे जमा कमी होत नाही.

आता फळांचे आकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय खाद्यपदार्थांचे जे तक्ते छापले, त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम जांभळाच्या गरात सुमारे ६० उष्मांक असतात. तेवढ्याच वजनाच्या करवंदांत सुमारे ४०, पिकलेल्या पपईत ३० च्या आसपास, पेरूत ५०, पिकलेल्या आंब्यात ७५, चिकूत ९८, केळ्यात सुमारे ११५. म्हणजे जांभूळ मधले आहे. त्यात पाणी भरपूर, चोथा बऱ्यापैकी आणि साखर बेताची. पोटाला आधार देते आणि उष्मांक फार घालत नाही. ही त्याची खरी जमेची बाजू.

याच्या शेजारी एक वडापाव ठेवून पाहा. त्यात साधारण अडीचशे ते तीनशे उष्मांक असतात. संध्याकाळी भूक लागली असता वडापावाऐवजी एक द्रोण जांभूळ खाल्ले, तर दोनशेच्या आसपास उष्मांक वाचले. असे रोज झाले तर वजन हळूहळू उतरू शकेल. पण वडापावही खाल्ला आणि ‘चरबी झडावी’ म्हणून वर जांभूळही खाल्ले, तर? मग साठ-सत्तर उष्मांक वाढले. फळ तेच, माणूस तोच, पण परिणाम उलटा. फळ कशाच्या जागी खाल्ले यावर सारे अवलंबून आहे.

‘चरबी झडवणारे’ फळ तपासले गेले तेव्हा

‘पण ताई-दादा, फळात काही औषधी द्रव्य असेल ना, जे चरबी जाळत असेल?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. याच आशेने एका फळाची कसून तपासणी झाली आहे, आणि ते फळ आपल्या कोकमाचे सख्खे भावंड आहे.

केरळात माशाच्या कालवणात आंबटपणासाठी ‘कुडमपुळी’ नावाचे फळ घालतात. आपल्याकडे आमसूल घालतात तसे. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकांतन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की या फळातले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे. हेच आम्ल आपल्या कोकमाच्या सालीतही असते. पुढे परदेशी प्रयोगशाळांत असे आढळले, की शरीरात साखरेपासून चरबी तयार होण्याच्या वाटेवर जे एक विकर काम करते, त्याला हे आम्ल अडवते. उंदरांवरच्या प्रयोगांत परिणाम दिसला. झाले! बाजाराला एवढेच हवे होते. आमसुलाच्या या भावंडाच्या अर्काच्या गोळ्या जगभर ‘वजन उतरवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या.

मग न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांनी माणसांवर रीतसर चाचणी केली. वजन जास्त असलेली १३५ माणसे घेतली. सर्वांना बेताचा, चोथायुक्त आहार दिला. निम्म्यांना या अर्काच्या गोळ्या आणि निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला कोणती गोळी मिळते हे ना रोग्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. बारा आठवड्यांनी वजने केली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले होते. पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने! हा निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे वजन उतरले ते आहारामुळे. गोळीचा त्यात काही वाटा दिसला नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर केवळ पैशाचे नुकसान म्हणून सोडून देता आले असते. परंतु २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन उतरवणाऱ्या एका प्रसिद्ध गोळीविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्या गोळ्या घेणाऱ्यांत काविळीपासून यकृत निकामी होण्यापर्यंतच्या तक्रारी आल्या होत्या आणि एक मृत्यूही झाला होता. त्या मालिकेतल्या काही गोळ्यांत या फळाचा अर्कही होता. कालवणातले आमसूल निर्धोक आहे. पिढ्यान् पिढ्या आपण खात आलो. पण त्याचा अर्क काढून, आटवून, इतर द्रव्यांत मिसळून रोज घेणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘फळाचे आहे म्हणजे अपाय नाही’ हे म्हणणे इथे खोटे ठरले.

जांभळाची तर माणसांच्या वजनावर एवढी तपासणीही झालेली नाही. जे प्रयोग झाले ते बहुतेक उंदरांवर आणि मुख्यतः रक्तातल्या साखरेसंबंधी. ब्राझील देशात मधुमेहाच्या रोग्यांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला, तर त्यांच्या साखरेवर परिणाम दिसला नाही. तेव्हा जांभळाच्या बियांच्या डब्यावर ‘चरबी जाळते’ असे छापलेले असेल, तर ते शास्त्राच्या आधाराने छापलेले नाही, हे निश्चित समजावे.

मग फळांचा उपयोग काहीच नाही का?

आहे. तो जादूचा नाही, इतकेच. अमेरिकेत १,२०,८७७ स्त्री-पुरुषांच्या खाण्यापिण्याची नोंद अनेक वर्षे ठेवली गेली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रोजच्या खाण्यात फळांचा एक वाटा वाढला, त्यांचे वजन दर चार वर्षांत सुमारे पाव किलोने कमी भरले. बटाट्याच्या वेफर्सचा एक वाटा वाढला त्यांचे पाऊण किलोने वाढले. साखरेच्या थंड पेयांचा वाटा वाढला त्यांचे जवळजवळ अर्धा किलोने वाढले. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरा प्रयोग ब्राझीलमधल्या रिओ शहरातला. वजन जास्त असलेल्या स्त्रियांपैकी काहींना रोज तीन सफरचंदे, काहींना तीन नासपती आणि काहींना तेवढ्याच उष्मांकांची ओटची बिस्किटे दिली. बारा आठवड्यांत फळे खाणाऱ्यांचे वजन सव्वा किलोच्या आसपास उतरले. बिस्किटे खाणाऱ्यांत तसा ठळक फरक पडला नाही. कारण उघड आहे. फळाने पोट भरते, चावायला वेळ लागतो, आणि पुढचे खाणे आपोआप थोडे कमी होते. पण फळ म्हणजे अख्खे फळ. जांभळाचे साखर घातलेले सरबत किंवा बाटलीतले कोकम सरबत म्हणजे फळ नव्हे. त्यातला चोथा गेलेला असतो आणि साखर आलेली असते.

इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतल्या माणसाला हे एका वाक्यात समजेल. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. बँकर मदत करते, पण पुढचे इंजिन चालू असेल तेव्हाच. वजन उतरवण्याच्या कामात पुढचे इंजिन म्हणजे आपले रोजचे ताट आणि आपली हालचाल. फळ हे बँकर आहे. एकटे ते गाडी घाटावर नेत नाही.

धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आलेले माणूस थोडे उतरलेले दिसले, तर घरचे विचारतात, ‘तिथे काय खायला देतात?’ तिथे खास असे काही देत नाहीत. सकाळी न्याहारी, अकरा वाजता साधे शाकाहारी जेवण, आणि रात्रीचे जेवण नाही. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळ किंवा हलका फराळ, जुन्यांना लिंबूपाणी. वजन उतरले असेल तर ते रात्रीचे ताट गेल्यामुळे. घरी येऊन तेच ताट पुन्हा भरले, की वजनही परत येते. विपश्यना वजन उतरवण्यासाठी नाहीच. पण हिशेब तिथेही तोच लागू पडतो.

राजा पसेनदीची गोष्ट

वजनाचा हा प्रश्न आजचा नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. हा द्रोण पानाचा नव्हे, धान्य मोजण्याचे मोठे माप. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो श्रावस्तीला भगवान बुद्धांच्या दर्शनास आला. तथागतांनी त्याची अवस्था ओळखली आणि एक गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो सावध राहून जेवणाचे प्रमाण ओळखतो, त्याचे दुखणे कमी होते आणि आयुष्य टिकते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ‘ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा. रोज शंभर कहापण देईन.’ त्या तरुणाने रोज आठवण करून दिली आणि राजा क्रमाक्रमाने द्रोणावरून एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर आला. अंग हलके झाले. तेव्हा आपल्या अंगावरून हात फिरवीत राजाने तथागतांची कृतज्ञता व्यक्त केली.

या गोष्टीत कोठे वनस्पती नाही, चूर्ण नाही, चमत्कार नाही. तीन साध्या गोष्टी आहेत. माप ओळखणे, ते एकदम न कमी करता थोडे थोडे कमी करणे, आणि आठवण करून देणारे माणूस जवळ असणे. आजचे डॉक्टरही याहून फार वेगळे सांगत नाहीत. शंभर कहापण आपल्याकडे नसतील, पण आठवण करून द्यायला घरात मुलगी असते, सून असते, विहारात येणारी मैत्रीण असते.

मात्र एक लक्षात ठेवावे. ही राजाची गोष्ट आहे. ज्याचे ताट भरून सांडत होते, त्याला हा उपदेश होता. ज्या बाईच्या ताटात सर्वांचे झाल्यावर उरलेले पडते, तिला नव्हे.

वजन कोणी उतरवावे, कोणी उतरवू नये

हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. पण १९ जणींचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. आणि शंभरात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे एकाच चाळीत एका खोलीत वजन जास्त असलेली सासू आणि शेजारच्या खोलीत रक्त कमी असलेली सून, असे चित्र आहे. कधी कधी तर एकाच बाईचे वजन जास्त आणि रक्त कमी असते. भात, चहा, बिस्किटे, तळण पोटात जाते, पण डाळ, पालेभाजी, अंडे जात नाही, म्हणून असे होते.

तेव्हा पोट उतरवण्याचा विचार करण्यापूर्वी वजन करावे आणि उंची मोजावी. भारतीय माणसांसाठी डॉक्टर जी मर्यादा धरतात तिच्याप्रमाणे पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण ४३ ते ५३ किलो असावे. ५८ च्या पुढे गेले तर स्थूलता समजावी. साडेपाच फुटांना एक इंच कमी असेल, तर ५० ते ६२ किलो ठीक, ६८ च्या पुढे स्थूलता. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटीमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटर याच्या आत असावा. त्यापुढे गेला तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शिंप्याची टेप घरात असतेच. मोजायला पैसे पडत नाहीत.

वजन या मापात असूनही केवळ बारीक दिसावे म्हणून आठ-आठ दिवस फळांवर राहणाऱ्या मुलींना आईने वेळीच थांबवावे. नुसत्या फळांतून प्रथिने मिळत नाहीत. चक्कर येते, केस गळतात, पाळी बिघडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर वजन उतरवण्याचा कोणताही प्रयोग करू नये. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी जेवणासोबत लिंबू, पेरू, आवळा असे काही घ्यावे, कारण त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, कारण त्याने लोह अडते.

मधुमेहाच्या रोग्यांना स्वतंत्र सांगणे आहे. जांभूळ बेताने खायला हरकत नाही. परंतु भुकटी सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नये. साखर वाढते तेव्हा सुरुवातीला काही दुखत नाही. पायाची जखम चिघळते, नजर अधू होते, मूत्रपिंड बिघडते, तेव्हा कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. घरचा कमावता माणूस असा अंथरुणाला खिळला तर सारे घर खाली बसते. भुकटी घ्यायचीच असेल तर आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना डबा नेऊन दाखवावा. ज्यांचे वजन काही न करता एकाएकी वाढते किंवा घटते, त्यांनीही घरगुती उपाय न करता तपासून घ्यावे.

डब्यावर काय वाचावे

आपल्या देशात १९५४ सालापासून औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ज्या रोगांवर ‘आम्ही बरे करतो’ अशी जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे आणि स्थूलताही आहे. म्हणजे ‘एका महिन्यात दहा किलो वजन उतरवा’ असे छापून औषध विकणारा कायदा मोडत असतो. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. खाण्याच्या वस्तूच्या डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर डबा घेऊच नये. मात्र तो असला म्हणजे आतल्या भुकटीने वजन उतरते असे सरकारने प्रमाणित केले, असा अर्थ काढू नये. त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच, की विकणाऱ्याची नोंद आहे.

शिकलेल्या मुलामुलींनी घरात हे काम अंगावर घ्यावे. आईने आणलेला डबा उलटा करून वाचावा. मोबाईलवर आलेली बातमी पुढे धाडण्यापूर्वी विचारावे, की हे सांगणारा कोण, त्याने माणसांवर तपासले काय, आणि यात विकायचे कोणाला आहे?

आपल्या खिशाला परवडेल असे

चहापासून सुरुवात करू. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, १६० उष्मांक. प्रत्येक कपात एक चमचा कमी केला तर रोज ८० उष्मांक वाचतात. वर्षाचा हिशेब मांडला तर तो तीन किलो चरबीहून अधिक भरतो. शरीर काही भागवून घेते, म्हणून प्रत्यक्षात इतके उतरणार नाही. पण उतरेल, आणि साखरेचे पैसेही वाचतील.

दुसरे तेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनाप्रमाणे एका माणसाला दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल पुरे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आत. आपल्या घरात महिन्याला किती तेल लागते, ते एकदा वहीत लिहून पाहावे. त्याच मार्गदर्शनात रोज १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत.

तिसरे ताट. आपला इगतपुरी तालुका भाताचा, त्यामुळे ताटात भाताचा ढीग आणि कडेला चमचाभर भाजी अशी सवय असते. भात सोडू नये, पण ढीग थोडा खाली आणावा आणि त्या जागी डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी. एका वेळी नागलीची भाकरी करावी. नागलीत उष्मांक तांदळाहून फार कमी नसतात, पण चोथा अधिक असल्याने पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. चौथे चालणे. रोज अर्धा तास झपाझप चालले तर शंभर-दीडशे उष्मांक खर्च होतात आणि साखरही आटोक्यात राहते.

आणि फळ? ते हंगामातले आणि जवळचे खावे. मे महिन्यात करवंद, जूनमध्ये जांभूळ, थंडीत पेरू आणि बोर, एरवी पपई. वजनासाठी सफरचंद किंवा परदेशी फळ आणण्याची गरज नाही. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास, जेव्हा हात बिस्किटाच्या पुड्याकडे किंवा वडापावाच्या गाडीकडे जातो, ती वेळ फळाची धरावी. घरात एक द्रोण आला तर तो पोरांबरोबर आईनेही खावा. ‘पोरांचे होऊ दे, मला नको’ ही सवय आता सोडावी.

राहता राहिला भुकटीचा डबा. त्याच्या पैशात हंगामभर जांभळाचे किती द्रोण येतील, याचा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्यावा. ते पैसे द्रोणापायी गेले, तर डोंगर उतरून आलेल्या त्या भगिनीच्या पदरात पडतील आणि आपल्या घरात खरे फळ येईल. वजनाचे म्हणाल, तर त्याचा निकाल संध्याकाळच्या वडापावावर, चहातल्या चमच्यावर आणि भाताच्या ढिगावर लागतो. तिथे हात आवरला, तर जांभूळ मदतीला आहेच.